सर्व्हायव्हल इन्स्ट्रक्टर व्हायचंय? ठाणे-नवी मुंबईतून निघणाऱ्यांसाठी तीन-चार वर्षांचा आराखडा

रिक्षा चालवायला बॅज लागतो. वीस अनोळखी माणसांना रात्री रानात नेऊन आग, पाणी, निवारा शिकवायला मात्र भारतात कोणताही स्वतंत्र सरकारी परवाना नाही. ‘सर्व्हायव्हल इन्स्ट्रक्टर’ हे बिरुद कोणीही व्हिजिटिंग कार्डावर छापून घेऊ शकतो, आणि घेतातही. म्हणून या कामात उतरायचं तर पात्रता स्वतःच जमवावी लागते. डोंगरातलं प्रशिक्षण एका संस्थेकडून, रानातले उपचार दुसरीकडून, आग-निवाऱ्याचं कसब सरावातून आणि शिकवण्याची हातोटी कोणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करून. हा क्रम उलटा झाला की माणूस कमरेच्या सुऱ्यापासून सुरुवात करतो आणि प्रथमोपचारापर्यंत पोहोचतच नाही.

परदेशात यासाठी वेगळ्या शाळा आहेत. अमेरिकेत यूटामधली बोल्डर आउटडोअर सर्व्हायव्हल स्कूल १९६८ पासून चालते आहे. आपल्याकडे मिझोरममधल्या वैरेंगटेची जंगल युद्धशाळा प्रसिद्ध आहे, पण ती लष्कराची. तिचा दाखला देत कोणी शनिवार-रविवारचा ‘कमांडो कोर्स’ विकत असेल, तर शिकवणाऱ्याची प्रमाणपत्रं मागून बघा.

काम नेमकं कसलं

सह्याद्रीत वाट चुकलेला माणूस सहसा एखादी रात्र अडकतो, महिनाभर नाही. त्या रात्रीत त्याला त्रास होतो तो तहानेचा, उन्हाचा, पावसात भिजून भरणाऱ्या हुडहुडीचा, अंधारात कड्यावरून घसरण्याचा, सापाचा आणि आग्या माश्यांचा. भूक यादीत सगळ्यात शेवटी. माणूस हवेविना साधारण ३ मिनिटं, वाईट हवामानात निवाऱ्याविना ३ तास, पाण्याविना ३ दिवस आणि अन्नाविना ३ आठवडे काढतो, असा एक ठोकताळा जगभर शिकवतात. ठोकताळाच तो, पण कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा ते त्यावरून ठरवता येतं. दोन दिवसांच्या शिबिरात चार तास फासे लावायला शिकवणारा इन्स्ट्रक्टर ही वाटणी चुकवतो आहे. शिवाय कायदाही मोडतो आहे, त्याबद्दल पुढे.

पहिलं वर्ष: सह्याद्री आणि पाय

सुरुवात घराजवळ. ठाणेकरांना येऊरचा चढाचा रस्ता आहे, बेलापूर-नेरूळकरांना पारसिक हिल, खारघरकरांना डोंगरावरचा रस्ता. आठवड्यातून तीन दिवस ५ किलोमीटर धावा आणि वेळ हळूहळू ३० मिनिटांच्या आत आणा. एक दिवस सॅक पाठीवर घेऊन चढ. पहिल्या आठवड्यात ६ किलो, मग दर आठवड्याला १ ते २ किलो वाढवत १५ किलोपर्यंत. वजनासाठी सॅकमध्ये विटा नकोत, पाण्याच्या बाटल्या भरा. माथ्यावर पोहोचल्यावर पाणी ओतून टाकायचं म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. तयारीच्या काळात गुडघे धरतात ते बहुधा उतारावरच्या वजनामुळे, आणि मग हिमालयातल्या कोर्सची जागा हातची जाते.

महिन्यातून दोन ट्रेक धरा. आसनगाव स्टेशनवरून माहुली, पनवेलकडून प्रबळगड, मुरबाडकडून गोरखगड, कसाऱ्याहून कळसूबाई. ट्रेक लीडरच्या मागे फरपटत जायचं नाही. प्रत्येक वेळी वाट आदल्या दिवशी नकाशावर आखायची. कातळाची सवय लागावी म्हणून एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेचं प्राथमिक प्रस्तरारोहण शिबिर करा. मुंब्र्याच्या कातळावर मुंबई-ठाण्याच्या कित्येक पिढ्यांनी हात घासले आहेत. नवी मुंबईत तर २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा (दोराविना, कमी उंचीच्या भिंतीवरच्या चढाईचा) विश्वचषक भरला होता, त्यामुळे कृत्रिम भिंतीवर सराव करणारे आणि शिकवणारे लोक इथे सापडतात. फिगर एट, क्लोव्ह हिच, प्रुसिक आणि मुंटर या चार गाठी डोळे मिटून, ओल्या दोरावर, थंडीने बधिर बोटांनी बांधता आल्या पाहिजेत. कोर्सच्या परीक्षेत हात थरथरतो तो इथेच.

पोहता येत नसेल तर याच वर्षी शिका. पावसाळ्यात सह्याद्रीतले अपघात ओढ्यात आणि धबधब्याच्या डोहात फार होतात. पाण्यातून वाचवण्याचं रीतसर शिक्षण राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी देते. तिचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे: आधी काठावरून काही तरी लांब करून द्या, मग दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका, मग होडी, आणि स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी.

दुसरं वर्ष: बीएमसी

बीएमसी म्हटलं की आपल्याला महापालिका आठवते. डोंगरातल्या माणसाला आठवतो बेसिक माऊंटेनीअरिंग कोर्स. दार्जिलिंगची हिमालयन माऊंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४), उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माऊंटेनीअरिंग (१९६५), मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट आणि अरुणाचलातल्या दिरांगची निमास या सरकारी संस्थांची नावं महाराष्ट्रातला कुठलाही आयोजक ओळखतो. उत्तरकाशी आणि दार्जिलिंगचा बेसिक कोर्स २८ दिवसांचा असतो. राहणं, जेवण आणि तांत्रिक साहित्य संस्थेचं. सरकारी मदतीमुळे शुल्क खासगी कोर्सपेक्षा कमी, म्हणूनच प्रतीक्षायादी लांब. अर्ज करायला दिवाळी उलटू दिली तर पुढच्या उन्हाळ्याची जागा मिळेल असं गृहीत धरू नका. वयाची अट संस्थेगणिक बदलते. चाळिशीजवळ आला असाल तर आधी तेवढंच तपासा.

‘आपल्याला सह्याद्रीत शिकवायचंय, बर्फ कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. बर्फ तिथे निमित्त असतं. २८ दिवस दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेला उठणं, ओझं वाहणं, थकल्यावरही दोर नीट गुंडाळणं आणि रोज कोणीतरी तुमच्या गाठी तपासणं, यातून जी शिस्त अंगात मुरते ती शनिवार-रविवारच्या शिबिरात येत नाही.

श्रेणीकडे मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष द्या. पुढच्या ॲडव्हान्स कोर्ससाठी बेसिकमध्ये ‘ए’ श्रेणी लागते. तिथेही ‘ए’ मिळवली तरच मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन आणि सर्च अँड रेस्क्यू या तीन-चार आठवड्यांच्या कोर्सची दारं उघडतात. आपल्या कामाला खरा उपयोग या दोहोंचा, विशेषतः पहिल्याचा. त्यात ‘कसं चढायचं’पेक्षा ‘कसं शिकवायचं’ यावर गुण असतात. श्रेणी हुकते ती फार वेळा ताकदीअभावी नव्हे. आजारपण लपवल्याने, साहित्य हरवल्याने, लेखी परीक्षा हलक्यात घेतल्याने किंवा दोरावरच्या सहकाऱ्याला सोडून पुढे पळाल्याने हुकते. नोकरी सांभाळून चारही कोर्स करायला तीन ते चार वर्षं लागतात. २८ दिवसांची सलग रजा दोनदा मागायची आहे, तेव्हा साहेबांशी आत्तापासून गोडीत राहा.

रानातले उपचार

एकच प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर हे घ्या. शहरातला प्रथमोपचार ‘रुग्णवाहिका १५ मिनिटांत येईल’ असं धरून शिकवतात. माहुलीच्या माथ्यावर पाय मोडला तर स्ट्रेचर खाली यायला सहा तास लागू शकतात, आणि त्या सहा तासांचं काय करायचं ते वेगळं शास्त्र आहे. याचे जगभर रुळलेले तीन टप्पे आहेत. वाइल्डरनेस फर्स्ट एड साधारण १६ तासांचा, त्याच्या पुढचा प्रगत कोर्स ४० तासांच्या आसपास आणि वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पाँडर ७० ते ८० तासांचा, म्हणजे आठ-दहा दिवस. लोकांची जबाबदारी घेणाऱ्याने शेवटचाच करावा. भारतात मसुरीच्या वुडस्टॉक शाळेचं हनिफल केंद्र या प्रकारचे कोर्स घेतं. प्रमाणपत्राची मुदत संस्थेनुसार दोन किंवा तीन वर्षं असते. मुदत संपलेलं प्रमाणपत्र चौकटीत लावायला छान.

तोवर घराजवळ बरंच करता येतं. रेड क्रॉस आणि सेंट जॉनचे प्रथमोपचार वर्ग आहेत, रुग्णालयांत बीएलएसचे (बेसिक लाइफ सपोर्ट) वर्ग असतात. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास हे हाताला बसलं पाहिजे, नुसतं तोंडपाठ असून भागत नाही.

मात्र परदेशी कोर्सची पुस्तकं अस्वलं आणि हिमदंशाने भरलेली असतात. आपल्या भागासाठी त्यात तीन गोष्टींची भर स्वतः घालायची.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर आपलं प्रतिविष चालतं. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर ते चालत नाही. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश इतका बारीक की झोपलेल्याला कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि बाकीचे म्हणतात, रात्रीचा रस्सा बाधला. म्हणून शिबिरात उघड्या जमिनीवर झोपणं नाही: चेन बंद होणारा तंबू, बाज, नाही तर कडा अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी. दंश झालाच तर तो अवयव हलू न देता फळीने बांधा, माणसाला चालवू नका, अंगठ्या-कडी काढा आणि रुग्णालय गाठा. करकचून पट्टा, ब्लेडचा काप, तोंडाने विष ओढणं, सापाला पकडून सोबत नेणं, यातलं काहीही नाही.

ऊन. मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये डोंगराच्या उघड्या सोंडेवर माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर घाम असो वा नसो, तो उष्माघातच समजा. आधी सावली, अंगावर पाणी आणि वारा, उचलून नेणं त्यानंतर. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. घरगुती जलसंजीवनीचं प्रमाण पाठ हवं: १ लिटर पाणी, सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ ‘अंदाजाने’ टाकणारे त्याचा समुद्र करून ठेवतात.

आग्या माश्या. किल्ल्यांवर त्यांची पोळी कातळाला लटकलेली असतात. धूर, आरडाओरडा आणि उग्र सुगंध त्यांना खपत नाही. पोळ्याकडे वारा वाहत असेल अशा जागी आगीचा तास घेणं म्हणजे आमंत्रण. चावू लागल्या तर डोकं झाकून लांब पळायचं, जागेवर हात झटकत उभं राहायचं नाही. पाण्यात बुडी मारू नका, त्या वर थांबतात.

कसब: नकाशा, पाणी, निवारा

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, १:५०,०००. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरचा फरक. ‘उंची २० मीटरहूनही कमी’ म्हणून जो कडा नकाशावर दिसतच नाही तोच सह्याद्रीत वाट अडवतो, हे विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला दाखवा. होकायंत्राच्या व्हिडिओंमध्ये चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकाचा फार बाऊ असतो. मुंबई-ठाण्याच्या परिसरात तो एका अंशाहूनही कमी आहे, तेव्हा तो तास वाचवून पावलं मोजायला द्या. सपाटीवर १०० मीटरला आपली दुहेरी पावलं (म्हणजे एकाच पायाची) किती पडतात ते प्रत्येकाने मोजून वहीत लिहायचं. साधारण ६० ते ७० भरतात, चढावर आणि कारवीत वाढतात. वेळेसाठी जुना हिशेब पुरतो: तासाला ५ किलोमीटर, वर प्रत्येक ६०० मीटर चढाला १ तास. मोठ्या गटासाठी त्यात निम्मी भर घाला.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण परदेशातून मागवायचा मोह होईल. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि विमानतळावर लोक पकडले गेले आहेत. शिट्टी घ्या: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा.

पाणी गढूळ असेल तर आधी चौपदरी सुती कापडातून गाळा, मग उकळी फुटल्यावर पूर्ण १ मिनिट उकळा. क्लोरीनची गोळी टाकली तर किमान ३० मिनिटं थांबा. गाळ असलेल्या पाण्यात गोळीचा जोर गाळावरच खर्च होतो, हे लोक विसरतात. उक्षीच्या जाड वेलात पाणी असतं आणि रानातली माणसं ते पितात. पण तुमच्या शिबिरात वीस जणांनी एकेक वेल तोडला तर पुढच्या वर्षी दाखवायला वेल उरायचा नाही. एकच दाखवा.

निवाऱ्यासाठी ३ बाय ३ मीटरची ताडपत्री आणि ४ मिलिमीटर जाडीची ३० मीटर दोरी. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, म्हणून ताडपत्रीची खालची बाजू नैऋत्येला. झाडाला बांधलेल्या आडव्या दोरीवरून पाणी ओघळत थेट अंथरुणावर येतं, त्यासाठी ताडपत्रीच्या बाहेर टीचभर अंतरावर दोरीला सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडा, थेंब तिथेच गळतो. ही एवढीशी सुतळी न बांधल्यामुळे अख्खी रात्र भिजत काढणारे गट दर जुलैत दिसतात. ओढ्याची कोरडी पात्रं, वाळलेल्या फांद्यांखालची जागा आणि बिळांचे बांध टाळा.

आगीचा एक तास, जवळून

शिकवणं कसं असतं ते एका तासावरून पाहू. जागा: शहापूर किंवा मुरबाडकडची खासगी शेतजमीन, मालकाच्या लेखी परवानगीने. गट: आठ जण, दोन इन्स्ट्रक्टर. प्रत्येक जोडीला एक लोखंडी घमेलं, तीन विटांवर ठेवलेलं. भोवती २ मीटर जमीन झाडून साफ. पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या हाताशी.

पहिली २५ मिनिटं कोणी ठिणगी पाडायची नाही, फक्त गोळा करायचं. चार ढीग: मूठभर पेटवण, मग काडेपेटीतल्या काडीच्या जाडीच्या काटक्या, मग पेन्सिलीच्या जाडीच्या, मग अंगठ्याच्या. प्रत्येक ढीग तुम्हाला पुरेसा वाटेल त्याच्या दुप्पट. पेटवणाला काटेसावरीचा कापूस, पिंजलेला नारळाचा काथ्या, केळीचं वाळकं सोपट. काटेसावरीचा कापूस भुरकन पेटतो आणि तितक्याच चटकन विझतो, म्हणून तो एकटा नाही, काथ्याच्या घरट्यात ठेवायचा. ठिणगीसाठी फेरो रॉड, म्हणजे धातूच्या पट्टीने घासल्यावर ठिणग्या पाडणारी कांडी. पट्टी पुढे ढकलू नका, पट्टी स्थिर धरून रॉड मागे ओढा. पट्टी ढकलणाऱ्याचा हात घरट्यावर आपटतो आणि सगळं विस्कटतं.

चुका ठरलेल्या असतात. काडीनंतर एकदम अंगठ्याएवढं लाकूड ठेवतात, पेन्सिलीचा ढीग वगळून. लाकडं इतकी दाटीने रचतात की हवा जात नाही. धूर दिसला की तोंड लावून जोरात फुंकतात आणि निखारा उडवतात. लांबून, बारीक, लांबलचक फुंकर हवी. पावसाळ्यात जमिनीवर पडलेलं लाकूड उचलतात. झाडावर अडकलेली मेलेली फांदी घ्यायची, कोयत्याने उभी चिरायची आणि आतला कोरडा गाभा तासायचा. फांदी धरणारा आणि घाव घालणारा वेगळा नको. फांदीवर कोयता टेकवून मागून दुसऱ्या लाकडाने ठोकायचं, म्हणजे बोटं वाचतात.

घर्षणाची आग (धनुकलीच्या दोरीने फळीवर काठी फिरवून पाडलेली) डिसेंबर ते मार्चमध्येच शिकवा. जुलैच्या हवेत विद्यार्थ्याला फक्त अपयश आणि फोड मिळतात. फळी आणि फिरती काठी नखाने दाबल्यावर खूण उमटेल अशा वाळक्या, मऊ लाकडाची घ्या, पांगारा किंवा सावरीसारख्या. काठी अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, फळी दीड-दोन सेंटिमीटर जाड. खाच खळग्याच्या वर्तुळाच्या आठव्या भागाइतकी. भुकटी फिकट तपकिरी पडत असेल तर दाब किंवा वेग कमी आहे. काळी, धुरकट पडली की निखारा जवळ आला. कर्रकर्र आवाज येऊ लागला तर खळगा गुळगुळीत झालाय, चिमूटभर वाळू टाका.

विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, मग तळहाताची पाठ जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर परत.

रानभाज्या: कमी शिकवा

ठाण्याच्या बाजारात जूनमध्ये आदिवासी बायका शेवळं विकायला बसतात आणि त्यांच्याच टोपलीत शेजारी काकडं असतात, छोटी हिरवी, तुरट फळं. शेवळं नुसतं शिजवलं तर घसा खवखवून सुजतो, काकड्याचा रस पडला की ती खाज मरते. ही जोडी ज्याला ठाऊक नाही त्याने ‘रानातलं खाणं’ हा विषय शिकवू नये. सुरुवातीची पाच-सहा झाडं पुरेत: करवंद, जांभूळ, टाकळा, कुर्डू, शेवळं. सोबत गुंज, कळलावी, धोतरा, कण्हेर ही विषारी मंडळी ताज्या नमुन्यासह दाखवा. खाजकुयलीची शेंग लांबूनच. हे ज्ञान वारली, कातकरी, ठाकर लोकांचं आहे. शिबिरात त्यांच्यापैकी कोणाला बोलावलंत तर पाहुणा म्हणून हारतुरे नकोत, इन्स्ट्रक्टरइतकं मानधन द्या.

कायदा, ज्यावर सगळं अडतं

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, माहुली तानसा अभयारण्यात, कर्नाळा पक्षी अभयारण्य. म्हणजे ठाणे-नवी मुंबईकरांची हाताशी असलेली बरीचशी रानं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कक्षेत येतात. तिथे परवानगीशिवाय प्रवेश (कलम २७), आग (कलम ३०) आणि हत्यार (कलम ३१) यांवर बंदी आहे. राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन कायदा, १९२७ च्या कलम २६ खाली येतं. फासा लावणं, सापळा रचणं ही कायद्याच्या व्याख्येत शिकारच, मग त्यात काही सापडो वा न सापडो. त्यामुळे आग, तोड आणि खणणं लागणारे तास खासगी जमिनीवरच घ्या. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीने निरीक्षण आणि दिशाज्ञान.

सुऱ्याबाबत: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांत येतात. शेती-घरकामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. १० सेंटिमीटरच्या पात्यात आपलं सगळं काम भागतं. लोकलमधून नेताना सुरा म्यानात, सॅकच्या तळाशी.

महाराष्ट्र शासनाने २४ ऑगस्ट २०२१ रोजी साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. पैसे घेऊन असे उपक्रम चालवणाऱ्या आयोजकाने त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रशिक्षकांची पात्रता, साहित्य, विमा आणि आपत्कालीन आराखडा यांची कागदपत्रं तेव्हाच जुळवावी लागतात. ‘माझ्या जबाबदारीवर येत आहे’ असं लिहून घेतलेला फॉर्म निष्काळजीपणातून सोडवत नाही. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नेहमीच्या अपघात विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, पॉलिसीतलं ते पान वाचूनच सही करा. शाळांची शिबिरं घेणार असाल तर पोलीस पडताळणीचा दाखला काढून ठेवा. मुलींच्या गटाबरोबर महिला इन्स्ट्रक्टर हवीच.

उमेदवारी आणि नोंदवही

इथे उतावळेपणा नडतो. आमचा ढोबळ निकष असा: स्वतंत्र शिबिर घेण्याआधी रानात किमान ४० रात्री, त्यातल्या २० दुसऱ्या इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली, आणि त्यातल्या पाच तरी भर पावसातल्या. नोंदवहीत तारीख, जागा, हवामान, गटाची संख्या, तुमची भूमिका आणि एक रकाना ‘काय चुकलं’. तो रकाना सलग दहा नोंदी कोरा असेल तर नोंदवही खोटी आहे किंवा तुमचं लक्ष नव्हतं. नोकरीवर घेणारा जाणता आयोजक प्रमाणपत्रांआधी हाच रकाना वाचतो.

शिकवण्याची पद्धत साधी आहे. आधी करून दाखवा, गप्प राहून. मग तेच बोलत-बोलत, सावकाश. मग त्यांच्याकडून वदवून घ्या. मग त्यांना करू द्या आणि हात पाठीमागे बांधून उभे राहा. नव्या इन्स्ट्रक्टरला सगळ्यात अवघड जातं ते हेच शेवटचं. विद्यार्थ्याची गाठ चुकते आणि हा पुढे होऊन स्वतः बांधून देतो.

पोटापाण्याचं सांगायचं तर पहिली दोन-तीन वर्षं हे शनिवार-रविवारचं काम राहतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्व्हायव्हल शिबिरं, एप्रिल-मे शाळांचे कॅम्प, पावसाळ्यात ट्रेक. मधल्या महिन्यांत क्लायम्बिंग वॉलवर शिकवणं किंवा ऐरोली-महापेच्या कंपन्यांत प्रथमोपचाराचे वर्ग घेणं यावर घर चालतं, म्हणून उपचारांचं प्रमाणपत्र इथेही कामी येतं.

पहिल्या शिबिराच्या आदल्या दिवशी

गट १२ च्या वर नको, आठांमागे एक इन्स्ट्रक्टर आणि एकूण किमान दोन. माणशी दिवसाला ५ लिटर पाणी, स्वयंपाकाचं वेगळं. प्रत्येकाची ॲलर्जी, दमा, मधुमेह, औषधं आणि घरचा नंबर एका कागदावर. कागदाच्या तीन प्रती: तुमच्याकडे, सहकाऱ्याकडे आणि ठाण्यात मागे थांबलेल्या एका माणसाकडे, ज्याला परतीची वेळ ठाऊक आहे आणि ती उलटून दोन तास झाले की कोणाला फोन करायचा तेही. जागेवर मोबाइलची रेंज कुठे मिळते तो दगड आधी जाऊन शोधून ठेवा. एक गाडी रात्रभर तोंड रस्त्याकडे करून उभी, किल्ली ठरलेल्या खिळ्यावर.

शेवटचा फोन जवळच्या सरकारी रुग्णालयाला: शहापूरकडे असाल तर तिथलं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडला ग्रामीण, कर्जत-पनवेलला त्या-त्या ठिकाणचं उपजिल्हा. ‘प्रतिविष आहे का’ एवढंच विचारू नका, हो असंच उत्तर मिळतं. ‘आज किती कुप्या आहेत आणि रात्री डॉक्टर कोण आहेत’ असं विचारा. सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात. दोनच आहेत असं कळलं, तर पुढचं मोठं रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते गाडीने एकदा प्रत्यक्ष जाऊन मोजा. ते तासाभराच्या पलीकडे निघालं तर शिबिराची जागा बदला, मैदानाचं भाडं बुडालं तरी चालेल.